नॉर्मलचा कागद

सुरुची : बावीस वेळा आवाज सोडला, आजी. चांदणीनं तेवीस वेळा हात वर केला.

मंजुळा : म्हंजे एक जास्तीच. मग लिव ना बाय, कान नॉर्मल.

सुरुची : तेविसाव्या वेळी मी बटणावर नुसतं बोट ठेवलं होतं. दाबलं नव्हतं.

मंजुळा : आसंल. पोर हाय.

सुरुची : तिची माझ्याकडे पाठ होती. माझं बोट फक्त तुम्हाला दिसत होतं. आणि तुमचा पाय तिच्या पायाला लागून होता.

मंजुळा : खोली केवढीशी हाय तुजी. लागनारच.

सुरुची : आजी.

मंजुळा : दाबत होते मी. तुजं बोट हललं का मी तिचा अंगठा दाबायची. मंगलवारी दारातनं बगून गेले ना, तुजी तपासनी कशी आसते ती. चार दिस घरी शिकवलं नातीला.

सुरुची : पण कशासाठी?

मंजुळा : शालेच्या बाई म्हनल्या, कानाचा कागद आना, त्यावर नॉर्मल पायजे. न्हायतर हिला ठान्याला बहिऱ्यांच्या शालेत न्या. आय काशीमीऱ्याला गोदामात जाते, बाप टेम्पोवर. पेनकरपाड्यातनं रोज ठान्याला कोन नेल? आनि पोर नॉर्मलच हाय. जल्मली ती पन नॉर्मल. टाका न्हाय, काय न्हाय.

सुरुची : ते बाळंतपण नॉर्मल. त्यात कान कुठे तपासले?

मंजुळा : हायवेच्या हॉटेलात पानी पन नॉर्मल मिलतं. माज्या नातीलाच तेवढं मिलू नये?

सुरुची : कॉलेजात आमच्याकडे ते माप होतं. सलाईन लावतात ना, त्यालाही नॉर्मल म्हणतात. लिटरभर पाण्यात नऊ ग्रॅम मीठ.

मंजुळा : नऊ ग्राम? आमच्या मिठागरात त्याला कोनी खारं पन म्हनलं नसतं.

सुरुची : रक्ताला तेवढंच चालतं, म्हणून ते नॉर्मल. शाळेत काय चालतं ते बघू. बाई शिकवतील ते चांदणीला ऐकू यायला हवं, एवढंच ना? कानाचं मशीन मिळायला खरा आकडा लागतो. मी खोटं लिहिलं तर ही वर्गात नुसती बसेल. तिथे अंगठा दाबायला कोण असेल?

मंजुळा : मी बसेन की.

सुरुची : दहावीपर्यंत?

मंजुळा : ...कर बाय. परत कर तपासनी.

सुरुची : तुम्ही तिकडे दाराजवळ बसा.

(थोड्या वेळाने.)

सुरुची : उजवा कान पन्नास डेसिबल, डावा पंचावन्न. पंचवीसपर्यंत आम्ही नॉर्मल लिहितो. साधं बोलणं तिला जेमतेम पोचतं.

मंजुळा : सांगितलेलं सगलं करते ती.

सुरुची : तुमचे ओठ बघून. हुशार आहे.

मंजुळा : माज्या तोंडावरनं नजर काढत न्हाय. मना वाटायचं, माजा लला हाय म्हनून.

सुरुची : तोही असेल.

मंजुळा : आनि बाईंनी तुजा कागद घेतला न्हाय तर?

सुरुची : तर मी शाळेत येते. हीच तपासणी त्यांच्या वर्गात, त्यांच्यासमोर करते. आता हे कानामागचं मशीन. ट्रायलचं आहे, आमच्या संस्थेकडून तिला तिचं मिळेल. चांदणी, भिंतीकडे तोंड. आजी म्हणेल ते तू म्हणायचं. आजी, सहा फुटांवर उभ्या राहा. घरातले दहा शब्द, साध्या आवाजात.

मंजुळा : भाकर.

चांदणी : आजी, वरडतेस कशाला?

मंजुळा : मी कुठं वरडले?

सुरुची : नाही ओरडल्या. नेहमीसारखंच बोला. चांदणी, शब्द सांग.

चांदणी : भाकर.

मंजुळा : जवला.

चांदणी : जवला.

मंजुळा : खाडी.

चांदणी : साडी.

सुरुची : थांबू नका, आजी. पुढे.

मंजुळा : चांदनी.

चांदणी : मी.

सुरुची : हे बरोबर धरते. अजून सहा.

(सहा शब्द होतात.)

मंजुळा : कागदावर काय लिवलंस, बाय? वाचून दाव.

सुरुची : 'बारा जून दोन हजार चार. मशीन लावून, सहा फुटांवरून, पाठमोरी, साध्या आवाजात. दहापैकी नऊ शब्द बरोबर.'