काळीतली माडी

नाई उठत मी. ही खाट बी हलणार नाई अन् खाटेवरची मैना बी हलणार नाई. दोनदा सांगून झालं, नत्थू मिस्त्री; तिसऱ्यांदा सांगाले लावशीन तं पाया बांधाले आलास अन् भांडण बांधून घेऊन जाशीन. बस तिथं पायरीवर. त्या नाई, ती डुगडुगते — खालच्या पायरीवर. हां. आता बोल. नको, बोलूच नको, तुले काय म्हणाचं हाये ते मले समजलं. या कोपऱ्याखाली खोदाचं हाये, पाऊस लागाच्या आत खोदाचं हाये, म्हणून म्हातारीनं महिनाभर गावात जाऊन राहावं. गावात म्हणजे कुठं, बापा? मारुतीच्या पारावर झोपू? गावात आमचं एकच जुनं घर हाये अन् त्यात पारबता राहाते, माझी धाकटी जाऊ. तिच्या उंबऱ्यात मी पाय टाकत नाई. या माडीचा पाया भरला त्या दिवसापासून नाई टाकला. सून वच्छला गेली तिथं राहाले, नातवंडं गेली, बैल गेले, मांजर बी गेली. जाऊ दे. मांजरीले काय अब्रू असते?

अन् तुझं काम तरी काय, सांग बरं? घराच्या पायाखाली आणखी एक पाया! जोड्याखाली जोडा घातल्यासारखं. पहिले छपराले टेकू देशीन, मंग भिंतीखाली हातभर खोदशीन, दोन हात सोडशीन, पुन्हा हातभर खोदशीन — सारी भिंत एका दमानं मोकळी केली तं तुझ्याच टाळक्यावर बसन म्हणून — अन् खाली मुरूम लागला की तिथून दगड-चुना रचत वर येशीन. बरोबर ना? काल गड्याईले सांगून राहिला होता तवा ऐकलं मी. घर फाटलं म्हणून कान नाई फाटले माझे. पहिला मिस्त्री बी असाच शहाणा होता. खुशालनं मुंबईकडून आणला होता, लेकानं माझ्या. म्हणे तिकडं चार-चार मजले चढवले यानं. चढवले असतील, तिकडं खाली खडक हाये! हा इथं आला भर उन्हाळ्यात. उन्हाळ्यात आमची काळी माती अशी टणक का कुदळ ठण्णकन परत येते. त्याले वाटलं, वा, हा तं खडकच! कमरेइतका चर खणला, दगड भरले, कामाची मानाची पगडी घेतली अन् गेला. मंग पाऊस आला. काळी फुगली, घर उचललं. पाऊस गेला, काळी आकसली, घर खाली बसलं — पण सारं एकसारखं नाई बसलं ना! हा कोपरा बसला, तो उभाच राहिला. पावसाळ्यात दार लागत नाई, उन्हाळ्यात लागलेलं दार उघडत नाई. लेकाची माडी म्हणावी का सासूचा स्वभाव?

हसू नको. तुमी अमरावतीचे लोक लय हसता. तुमच्या तिथं काय कमी झालं का? कुठं त्या अमरिकेत कोण कोणाशी लढलं देव जाणे, पण इथं कापसाले असा भाव आला का अख्ख्या मुलखाचं डोकं फिरलं. आमच्या महादेवरावनं बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या बसवल्या. बैल तं बैल, त्यानं बाभळीले शिंगं घासली — चांदी बाभळीले, अन् महादेवराव बाभळीखाली माती चाळत बसला! शेषरावनं गाडीच्या चाकाले लोखंडी पट्टीच्या जागी चांदीची धाव चढवली, ती अंजनगावच्या बाजारात पोहोचेपर्यंत झिजून गेली. अन् आमच्या खुशालनं काय केलं? माडी. पांढरीत जागा अपुरी पडते म्हणे. आता पांढरी म्हणजे काय अन् काळी म्हणजे काय, हे शेंबड्या पोट्ट्याले बी समजते. पांढरी गावठाणाची, तिच्यावर राहाचं. काळी वावराची, तिच्यात पेराचं. बापजाद्यांनी उगीच नाई वाटून ठेवलं. पण हातात चांदी खुळखुळली का माणसाले वाटते, माती बी आता आपलं ऐकन. तं वावरात, रस्त्याच्या कडेले, रंगीत काचेच्या खिडक्यांची माडी! कापसाच्या गाड्या थांबून पाहतील म्हणे. पाहतात ना. अजून थांबतात. थांबतात, पाहतात, अन् हसत हसत बैल हाकतात.

पारबतानं तवाच सांगितलं होतं, हे तुले कोणी सांगितलं असन. गावाले तेवढंच येते सांगाले. ऐक मंग माझ्या तोंडून. पायाभरणीले साऱ्या बाया हळद-कुंकू घेऊन आल्या. ही काय करते? चरातलं वाळकं ढेकूळ उचलते, माझ्याच तांब्यातल्या पाण्यात टाकते, अन् साऱ्यांपुढं फुगलेलं दाखवते — "बाई, एवढुसं ढेकूळ, पाहा कसं फुगलं. घराखाली किती फुगन?" माझ्या घराच्या पायाभरणीले! शुभ दिवशी! मंग मी बी म्हटलं. काय म्हटलं? म्हटलं जे म्हणाचं ते. म्हटलं, ना लेक ना लेकाची माडी, तू काहून दुसऱ्याचा पाया मोजून राहिली. खोटं होतं का त्यात काही? लेक नाईच ना तिले. रांडावली तवा बावीस-तेविशीची होती. खुशालले तिनंच खेळवलं, मी वावरात जाची तवा — ते वेगळं. तिनं काही उलटून म्हटलं नाई. तांब्या रिकामा केला, धुतला, माझ्या हातात दिला अन् गेली. धुतला कशाले? धुवाची काय गरज होती? असं करते ती. बोलत नाई, धुऊन देते.

भाकर? ती फडक्यातली? वच्छला आणते रोज. नाई, वच्छलाच्या हातची नाई ती — वच्छलाची भाकर म्हणजे ढाल. ही कडेले पातळ हाये, पारबताची. मी कुठं खातो? बैलाले टाकतो. बैल... बैल तिकडंच गेले म्हणा. मंग काय फेकू? अन्न हाये, बापा. भाजी मात्र खारट असते. रोज खारट. बाईचा हातच जड हाये मिठाले, चाळीस वर्षं झाली, सुधरली नाई.

अन् तू सारखा त्या भेगेकडं काय पाहून राहिला? हो, हात जाते तिच्यात. सरळ पांढरी दिसते तिच्यातून. वेस दिसते, पिंपळ दिसते, पारबताचं सपाट धाब्याचं घर दिसते. मातीचं धाबं, लाकडाचे खांब, दगडावर नुसते ठेवलेले — अन् एक भेग नाई! सकाळी तिथून धूर निघते. मी पाहत नाई, दिसते. काल उशिरा निघाला. लाकडं ओली असतील, का गुडघा धरला असन तिचा. मले काय करायचं? धूर निघाला तवा मी झोपली. म्हणजे — उठली. तू मधात बोलू नको.

तुझ्या चुन्याचं पाहा त्यापेक्षा. परवा भेगेवर चुन्याचा पट्टा मारून गेला होता ना? म्हटला होता ना, पट्टा फुटला तं भिंत अजून चालून राहिली, नाई फुटला तं थांबली? तं घे. पाहा. हाये का कुठं चीर? भिंत थांबली, तुझं काम संपलं, गडी घे अन् अमरावतीचा रस्ता धर. दुरूनच पाहा. बोट लावू नको. म्हटलं ना बोट — ओला? ओला कसा असन? दमट असन. उन्हाळ्यात चुना दमट नाई राहत? लय समजते तुले. बरं. फुटला होता. काल बी फुटला, आज बी फुटला. मीच बुजवला. कशानं म्हणजे? खाण्याच्या चुन्यानं, पानाच्या डबीतल्या! आता मालकीण आपल्या भिंतीले चुना बी लावू शकत नाई का?

हे काय ओढून राहिले तुझे गडी? टेकू? ठेव म्हणावं बाहेर. आत आणू नको, मी अजून हो म्हटलं नाई... थांब रे. तो खांब. तो, कडेचा. फिरव इकडं. कमरेजवळ ती खाच हाये ना, गुळगुळीत झालेली? ती दाव्याची खाच हाये. आमची कपिली बांधत होतो आमी त्याले, लय हिसके द्याची गाय. दोघी जावा मिळून धराचो तिले, एकीनं दावं, एकीनं शिंगं. हा आमच्या गोठ्याचा खांब हाये! जुन्या घरामांगच्या गोठ्याचा! इथं कसा आला? ... पाडला? गोठा पाडला? कोणं? अन् तिची म्हैस? पाऊस तोंडावर हाये अन् म्हैस उघड्यावर बांधली त्या बाईनं? मोठे खांब दुसरीकडं भेटत नव्हते म्हणून? बाजार का ओस पडला होता?

तुले बोलावणं खुशालनंच धाडलं होतं ना? तो तं भाव पडला तवापासून अकोल्याले जाऊन बसला हाये, उद्या चढन, परवा चढन करत. मले वाटलं, जाता-जाता त्यानंच तुले... नाई?

तिनं.

उभा काहून राहिला खांबासारखा? पायथ्याकडून धर खाट. हळू! भिंतीले लावू नको. अन् एक गडी पुढं धाड तिच्याकडं. सांग म्हणावं, मैना राहाले नाई येत. भाजीत मीठ जास्त पडते, ते सांगाले येऊन राहिली. एका दिवसात समजणारी बाई नाई ती, महिना लागन.

अन् मिस्त्री, तो खांब लावशीन तं खाच आतल्या अंगाले ठेवजो. रस्त्यावरून दिसाले नको. — हो बाजूले.