फलकावरचं दहावं बोट

आज रविवार, १८ जानेवारी २०२६. कार्यक्रमाची वेळ सकाळी दहाची होती. साडेदहाला मांडव लागला, अकराला खुर्च्या आल्या, साडेबाराला प्रमुख पाहुणे आले. पाच भाषणं झाली. आता पावणेदोन वाजले आहेत आणि मला दोन मिनिटं मिळाली आहेत. मी थोडी जास्त घेईन.

कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि गौरव समितीचे प्रमुख माननीय किसनराव, व्यासपीठावरील सर्व मान्यवर, समोर बसलेले गावकरी बंधू, आणि मागे उन्हात उभ्या असलेल्या माझ्या भगिनींनो,

मी वंदना. ज्यांचा आज मरणोत्तर गौरव होतो आहे, त्या ब्रिगेडियर इंद्रभान उमाळे यांची धाकटी बहीण. मी तहसील कार्यालयात एकतीस वर्षं कारकून होते. मला लिहिण्याची सवय आहे, बोलण्याची नाही. म्हणून भाषण घरून लिहून आणलं. आज इथे जे पाहिलं-ऐकलं, ते तेवढं बसल्याबसल्या त्यात टिपलं.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी दादाला शूर म्हटलं, वाघ म्हटलं. एकांनी त्याने शत्रूचे रणगाडे उडवल्याचं सांगितलं. कुठे उडवले, ते त्यांनी सांगितलं नाही. मलाही माहीत नाही. दादालाही माहीत नसावं. तो सैन्याच्या सिग्नल विभागात होता. तेहेतीस वर्षांतली शेवटची वीस त्याने संगणकांच्या खोल्यांत काढली. एका चौकीचा निरोप दुसऱ्या चौकीला वेळेवर, न बदलता, तिसऱ्याला न कळता पोचावा, एवढंच त्याचं काम. सैन्याने त्याला त्यासाठी पुढे शिकवलं आणि ब्रिगेडियर केलं.

हे काम गावाला कधी पटलं नाही. २०१९ साली तो निवृत्त होऊन घरी आला. बसस्टँडवरच्या हॉटेलात त्याचं पहिलं स्वागत झालं, ते मी स्वतः ऐकलं आहे.

"काऊन बे इंद्रभान, फौजीत होता का बँकीत? एक तरी गोळी चालवली का?"

दादा म्हणाला, "चालवली ना. ट्रेनिंगमधी."

"लागली का कोनाले?"

"पुठ्ठ्याले लागली."

सगळे हसले. त्या दिवसापासून त्याचं नाव 'कारकून फौजी' पडलं. हे नाव ठेवणारे आज व्यासपीठावर आहेत. मी त्यांचं नाव घेणार नाही, मघाशी त्यांनी स्वतःच माइकवर घेतलं आहे. कारकून ही शिवी आहे, हे मला नोकरीच्या एकतीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. तुमचे दाखले मात्र मीच लिहीत होते.

दादाने आमची कापसाची खोली रिकामी केली, बारा जुने संगणक आणून मांडले आणि संध्याकाळचा वर्ग सुरू केला. समितीतले किती जण त्या खोलीत आले? एकूण एक आले. "साहेब, माह्या मोबाईलवर फोटो उघडून नाही राह्यला, पाहा बरं." ज्याने डोंगरातल्या चौक्या एकमेकींना जोडल्या, त्याने तुमच्या नातवांच्या बारशाचे फोटो उघडून दिले. शिकायला तुमच्यापैकी कोणी बसलं नाही. बसल्या त्या मागे उभ्या आहेत. विमलबाई सोनाळ्याच्या बाजारात भाजी विकतात. वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्या टंकलेखन शिकल्या. आज त्या बचत गटाचे सगळे अर्ज स्वतः करतात. त्यांना पुढची खुर्ची द्यावी, असं समितीला वाटलं नाही.

दादा बारा नोव्हेंबरला गेला. दुसऱ्या दिवशी लष्कराच्या दोन गाड्या आल्या. पुष्पचक्र आलं, बिगुल वाजलं. बिगुल ऐकल्यावर गावाला कळलं की आपल्यात कोणी मोठा माणूस राहत होता. दहावा व्हायच्या आत गौरव समिती झाली.

आता हा माझ्या मागचा फलक पाहा. नांदुऱ्याहून छापून आणला आहे. चेहरा दादाचा आहे. मिशी दादाची नाही, त्याला मिशी नव्हती. अंग कोणाचं आहे, देव जाणे. हातात बंदूक आहे, मागे रणगाडा आहे. मी सकाळी किसनरावांना विचारलं, हे काय केलं?

ते म्हणाले, "वंदनाताई, हातात बंदूक नसली तं लोक म्हनतीन, हा कोन्या शाळेचा मास्तर हाये?"

मी म्हटलं, "म्हणू द्या."

"अवो, लोकायले काहीतरी दिसाले पाह्यजे."

ठीक आहे. दिसायलाच हवं असेल, तर बंदूक धरलेली बोटं मोजा. मी मोजली. दहा भरतात.

दादाला नऊ बोटं होती. डाव्या हाताची करंगळी नव्हती. तुमच्यापैकी प्रत्येकाने त्यावरून त्याला विचारलं आहे आणि प्रत्येकाला त्याने "दारात सापडली" असं सांगितलं. मलाही तेच सांगितलं होतं. खरं काय ते मला तेरवीच्या दिवशी कळलं. लोणार तालुक्यातल्या बीबीहून निवृत्त हवालदार संघपाल आले होते. बोट गेलं तेव्हा दादा कॅप्टन होता आणि ते त्याचे सिग्नल ऑपरेटर. आज समितीने त्यांना निमंत्रण दिलं नाही. माझ्या फोनवरून ते आले आहेत आणि तिकडे खांबापाशी उभे आहेत.

त्यांनी सांगितलं ते असं. बर्फातली चौकी होती. वरचा बर्फाचा कडा सुटणार, हे खालच्या तंबूतल्या अकरा जणांना कळवायचं होतं. टेलिफोनची तार तुटलेली होती. दादाने हातमोजा काढला. संघपाल म्हणाले, "सायेब, बोट जाईल." दादा म्हणाला, "मोज्यानं तार जोडल्या जात नाही, संघपाल." तार जोडली. अकरा माणसं तंबू सोडून निघाली. मग कडा कोसळला. करंगळी हिमदंशाने गेली.

संघपाल पुढे म्हणाले, "त्याच्यानंतर सायेब एकच म्हणायचे, पुन्हा कोणाला मोजा काढायची येळ येऊ नये." तिथून तो संगणकाकडे वळला. त्याची पुढची सगळी नोकरी एवढ्या एका वाक्यात आहे. ज्याला तुम्ही कारकुनी म्हणालात, ती ही.

समितीला त्याचं शौर्य दाखवायचं होतं. ते त्याच्या अंगावर होतं, रोज तुमच्यासमोर चहाचा कप धरत होतं. तुम्ही ते खोडून तिथे नवं बोट चिकटवलंत. याला अज्ञान म्हणावं, तर तुम्ही सहा वर्षं तो हात पाहिला आहे.

आता शेवटचा मुद्दा. आज मला शाल, श्रीफळ आणि एक संमतीपत्र मिळालं आहे. आमची खोली मी समितीला द्यावी, संगणक हलवावेत, तिथे 'वीर स्मारक' होईल आणि बंदूकधारी पुतळा बसेल. सही व्यासपीठावर करायची आहे, फोटोसाठी. तीन आठवडे किसनराव मला समजावत आहेत. विमलबाईंनी मात्र मला एकदाच विचारलं, "ताई, खोली कधी उघडता?" या तीन आठवड्यांत मला विचारण्यासारखा तेवढाच एक प्रश्न कोणी विचारला.

मी सही करणार नाही. पुतळा तुम्ही खुशाल बसवा, जागा तुमची शोधा. त्याच्याखाली नाव दुसऱ्या कोणाचं लिहा, कारण तो माणूस आमच्या घरचा नाही. खोली उद्या संध्याकाळी सहाला उघडेल. वर्ग विमलबाई घेतील.

आपण सर्व आलात, एवढा वेळ बसलात, त्याबद्दल मी घरातर्फे आभारी आहे. मांडववाल्यांचे आणि स्वयंपाक करणाऱ्या बायांचे आभार कोणी मानले नाहीत, ते मी मानते. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक गेलं असेल, तर वयाने मोठे असलेल्यांनी पोटात घालावं. बाकीच्यांनी घरी जाऊन विचार करावा.

जेवायला मी थांबत नाही. रविवारी वर्ग नसायचा. त्या दिवशी दादा एकटा बसून बाराही कीबोर्ड कोरड्या फडक्याने पुसायचा, एकेक कळ. नऊ रविवार ते राहून गेलं आहे. फडकं सकाळी धुऊन दोरीवर टाकलं आहे, एव्हाना वाळलं असेल. ते घेऊन मी खोलीत बसणार आहे.