नखावरचा थेंब

आता सगळे गवळी म्हणतात, बाबांनी नसतं लफडं करून ठेवलं! मी? मला सांगा, मी काय केलं? नखावर थेंब तर घेतला, तोही माझ्याच दुधाचा... तुम्हाला सांगतो, मी महिपत, बाळकुमचा, चार म्हशी, चाळीस वर्षं नौपाड्यात रतीब घालतोय, शाळेचं तोंड बघितलेलं नाही, पण दूध या नखानं वाचतो. अंगठ्याच्या नखावर थेंब ठेवायचा. थांबला तर दूध, पळाला तर पाणी. संपलं!

तर झालं काय, स्वराज्य येऊन पाच-सहा वर्षं झालेली आणि बातमी आली, म्युनिसिपालटीचा साहेब काचेची नळी घेऊन माजिवड्याच्या नाक्यावर उभा राहणार, पाणी सापडलं की परवाना जप्त! आम्ही अठरा गवळी, रातोरात एका जागी जमलो. तेव्हा सहदेव उठला. सहदेव आमच्यातला शिकलेला, चौथी पास, त्यामुळे उभं राहिल्याशिवाय त्याला बोलता येत नाही. "मंडळी, स्वराज्य म्हणजे काय? दुसऱ्याचा दंडुका कशाला? आपलं आपण तपासायचं!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या, आणि वाजवणाऱ्यांत सगळ्यात म्हातारा मीच, म्हणून लगेच ठरलं, "महिपतबाबा तपासतील!" साहेबाकडे अर्ज गेला. साहेब बोलला, "ठीक. महिनाभर बघतो. गिऱ्हाइकाची एक तक्रार आली, की अठराच्या अठरा परवाने काढून घेईन!"

आता शिक्षा काय ठेवायची? कुणी म्हणे दूध ओता, कुणी म्हणे वाळीत टाका. मी बोललो, अरे बाबांनो, दुधाचा काय गुन्हा? ज्याच्यात पाणी निघेल त्यानं गिऱ्हाइकाच्या दारात जाऊन आपल्या तोंडानं सांगायचं, "बाई, आज पाणी आहे." बस्स! आपलं आपण!

बसलो नाक्यावर. मी सावकाश माणूस, थेंब ठेवला की बघत बसतो, घाई केली तर थेंबाला तरी काय वाटेल? तोवर ऊन वर आलं आणि आमच्यातला गुणाजी ओरडतोय, "बाबा, सोडा आता, नखावर दही लागेल!" चार दिवस एकाचाही थेंब पळाला नाही. कसा पळेल? सगळे आपलं आपण घाबरलेले! पाचव्या दिवशी सतरा चरव्या झाल्या, तर सहदेव बोलला, "बाबा, तुमची?" मी बोललो, "माझी काय बघायची, मीच तपासणारा!"... नाही हो, बोललो नाही, मनात आलेलं, आवरलं. घेतला थेंब. आणि तुम्हाला सांगतो... पळाला! कोपरापर्यंत गेला!

सगळे आपापल्या चरव्या उचलण्यात, कुणी बघितलं नव्हतं. धोतराला पुसला असता तर कुणाला कळणार होतं? पण चाळीस वर्षं ज्या नखावर भरवसा ठेवला, त्याला काय तोंड दाखवू? बोललो, "पाणी आहे." (घातलेलं आमच्या रखमाबाईनं. संध्याकाळी विचारलं तर म्हणते, "दुधाची भांडी विसळली, ते पाणी काय फेकून देऊ? अर्धं दूधच होतं ते!")

गेलो नौपाड्यात, मंदाकिनीबाईंच्या दारात. मान खाली. "बाई, आज पाणी आहे." बाईंनी पुढे केलेलं पातेलं मागे घेतलं. मी म्हटलं, तुटला रतीब, आता साहेबाकडे तक्रार, अठरा घरं माझ्यापायी बसली... तर बाई आत वळून काय म्हणतात? "अहो, ऐकलंत का? आपला दूधवाला स्वतःहून खरं सांगतोय! महिपतबाबा, उद्यापासून अर्धा शेर जास्त घाला. आणि आमच्या जाऊबाईंकडेही तुम्हीच या. त्यांचा तो गुणाजी रोज म्हणतो पाणी नाही, पाणी नाही, कोण विश्वास ठेवणार?"

झालं! दुसऱ्या दिवशी गुणाजी जाऊबाईंच्या दारात उभा, चरवीत म्हशीचं घट्ट दूध, आणि हा छाती काढून सांगतोय, "बाई, माझ्यातपण पाणी आहे हो!" आठवड्यात अठराच्या अठरा कबुल्या देत फिरायला लागले. नाथा तर ओरडायचा, "मी तळ्याचं घातलंय!" अरे, तळ्याचं? तक्रार आली असती म्हणजे? पण नाही आली! महिना भरला, साहेबानं नौपाड्यात घरोघर विचारलं, तर सगळे म्हणाले, "छे, छे, एवढे सच्चे गवळी उभ्या ठाण्यात नाहीत!" परवाने वाचले.

पण गवळ्यांची भांडणं लागली ना, आज तू कबूल झालास, उद्या मी होणार! सहदेव परत उभा राहिला. "मंडळी, आपलं आपण ठरवू. वार लावून घेऊ. रोज तिघांनी कबुली द्यायची, सहा वारांत अठरा झाले, रविवारी सगळे शुद्ध!" टाळ्या. या खेपेला मी हात धोतरात लपवले, तरी माझ्या वाट्याला शुक्रवार आलाच.

आणि आता माझ्या दुधात पाण्याचा थेंब नाही! मग बाईंच्या दारात उभं राहून खोटं सांगायचं? या वयात? नाही होत हो माझ्याच्यानं... म्हणून दर शुक्रवारी पहाटे मीच हाक मारतो, "रखमे, घाल गं तांब्याभर!" काय करणार? खरं तर बोललंच पाहिजे ना!