आभार मानायचे नसतात

नाही, नाही, तो गव्हाचा वाडगा खाली ठेव, एफिसिया. आधी बस. सासूनं पाठवलं ना, ‘जा आंतिओगामावशीकडे, दृष्ट काढून घे, डोळा साफ होईल’ — पाठवणारच, तिची गाय मीच बरी केली होती, म्हणजे गाय आपली आपण बरी झाली आणि मी तिथं उभी होते. आणि मी भिंत धरून का चालतेय ते विचारू नकोस — नाहीच विचारणार, गावानं ठरवूनच टाकलंय, बाई सकाळपासून दारू ढोसते म्हणून. परवा पाद्रीबाबांनी चर्चच्या दारात अडवून सांगितलं, ‘आंतिओगा, जेवणाबरोबर एकच ग्लास हं.’ मी म्हटलं, ‘हो फादर.’ दुसरं काय म्हणणार? चालता येईना, गल्ली वाकडी — आणि आमची गल्ली खरंच वाकडी आहे, म्हणून तर इतकी वर्षं निभावलं.

आता नीट सांग. डाव्या डोळ्यापुढे धुकं — डोळा फिरवला की दुखतो? हा माझा लाल रुमाल बघ, आधी एका डोळ्यानं, मग दुसऱ्यानं. डाव्यानं विटका दिसतो ना? हं. मान खाली घातली की पाठीतून झटका जातो, थेट पायापर्यंत, विजेची तार लागल्यासारखा? गरम पाण्यानं अंघोळ केली की डोळा आणखी बिघडतो? — मला कसं कळलं? अगं, दृष्ट काढणारी ना मी, मला सगळं कळतं. — छे. थापा मारतेय मी.

मलाही हेच झालं होतं, सात वर्षांपूर्वी. तर मी काय केलं? स्वतःच्याच नावानं पाण्यात गहू टाकले. दाण्यांवर बुडबुडे आले, म्हणजे दृष्ट लागलीय — येणारच, पाण्यात गहू टाकल्यावर काय फुलं येणार? — आणि मी ठरवलं, ही शेजारच्या बोनारियाची दृष्ट, कारण तिनं माझ्या नव्या पडद्यांचं कौतुक केलं आणि त्यांना हात लावला नाही. बिनहाताचं कौतुक म्हणजे दृष्टच, असं आपल्याकडे मानतात ना! दोन वर्षं तिच्याशी बोलले नाही. आणि डोळा तीन आठवड्यांत साफ! काय माज चढला होता मला. मग एके दिवशी पायच उचलेनात, पडले ती नेमकी तिच्याच दारात, आणि मला दवाखान्यात नेलं कुणी? बोनारियानं. वर म्हणते, पडदे छानच होते गं.

काल्यारी शहरातल्या डॉक्टरीणबाई — हो, मी दर महिन्याला बहिणीकडे जाते ना, ती बहीण मरून नऊ वर्षं झाली, मी तिथं दवाखान्यात औषधाची सुई लावून पडलेली असते — त्या म्हणाल्या, अंगाची राखण करणारी फौजच मेंदूतल्या नि पाठीतल्या नसांचं आवरण कुरतडते. धनगराचा कुत्रा आपल्याच मेंढ्यांना चावतो तसं. आणि म्हणे आपल्या बेटावर हे जास्तच. मी म्हटलं, आम्ही पिढ्यान्‌पिढ्या धनगर, असल्या कुत्र्याला गोळी घालतो. तर म्हणाल्या, इथं गोळी नाही घालता येत, बांधून ठेवायचा, आणि लवकर आलं तर चांगला बांधता येतो. लवकर.

मिकेला माहितेय ना तुला, शाळेमागची, अकॉर्डियन वाजवायची? चार वर्षांपूर्वी याच खुर्चीत बसली होती. डोळ्यापुढे धुकं. आणि मला तेव्हा माहीत होतं — हो, माझ्या आजाराचं नाव कळून वर्ष झालं होतं. तरी मी गहू टाकले. कारण ‘डॉक्टरकडे जा’ म्हटलं असतं तर तिनं विचारलं असतं, मावशी, तुम्हाला कसं माहीत? मग गाव म्हणालं असतं, हिला स्वतःची दृष्ट काढता आली नाही, ही आमची काय काढणार! गावाला दारुडी चालते गं, आजारी नाही चालत. तीन आठवड्यांत तिचा डोळा साफ. आई दारात येऊन रडली, मी आभार मानू दिले नाहीत — नियमच आहे, ना पैसे, ना आभार, नाहीतर हातचा गुण जातो. गुण! दोन वर्षांनी तिचे पाय गेले. आता चाकाच्या खुर्चीतून भेटते आणि म्हणते, ‘मावशी, तुम्ही निदान डोळा तरी वाचवलात.’ त्या दिवशी मात्र मी खरंच एक ग्लास घेते. पाद्रीबाबांचं अगदीच काही चुकत नाही.

ऊठ. साडेअकराची बस आहे. हे घे, डॉक्टरीणबाईंचं नाव लिहिलंय, अक्षर वाकडं आहे, हातही आता गल्लीसारखाच झालाय. आणि ऐक, मी काही न करता तुझा डोळा साफ होईल, महिन्याभरात — म्हणून घरी बसलीस तर याद राख. सासूला काय सांगशील? सांग, मावशीला हेच झालंय. हो, नाव घेऊन सांग. सगळ्यांना सांग. मिकेलाला — नाही, मिकेलाला मी सांगेन. आज संध्याकाळी. मलाच सांगायला हवं.

काय म्हणालीस? आभार? अगं, मानायचे नस— नाही, आज मी दृष्ट कुठं काढली? बरं, मान. जा आता, बस चुकेल. आणि जाताना दार तूच ओढून घे, मला उठायला वेळ लागतो.