मिठागरवाल्यांचं काश्मीर

पनवेलच्या स्टँडवर उरणच्या गाडीसाठी रांगेत उभा होतो. पुढे एक म्हातारं जोडपं होतं, मिठागरावर राबणारं. त्यांचा भाचा पलटणीत, श्रीनगरला. त्यानं दोघांना बोलावलं होतं, एवढं बोलण्यावरून कळलं.

"चार रोज श्रीनगरला, होडीतच र्‍हायाचं. मंग गुलमर्ग, मंग पहलगाम. आयकतेस ना, रंभे?"

"आयकतंय. बरफ कुटं हाय?"

"गुलमर्गला. पन थंडीत."

"मंग थंडीत जाव."

"थंडीत मिठागर कोन बगंल? तुजा बापूस?"

"मंग पावसात जाव. तवा आगर बंदच आसतंय."

"पावसात थितं नुसतं गवत आसतंय."

"गवत बगाया काश्मीरला? आपल्या बांधावं काय कमी हाय?"

"आनि बरफ बगून तरी काय? जलमभर पांढरे ढीग ओढून डोलं गेलं. आता भाडं भरून पांढरे ढीगच बगायचे! लोक हसतील, म्हनतील म्हातारा मीठ इसरला नाय."

"हसूंदे. मना त्याच्यावं अनवानी चालायचंय. मिठानं पाय फाटलं. ह्यो तरी थंड लागंल."

"तसा भाचा सोनमर्ग म्हनत व्हता. थितं डोंगरावं भर पावसातबी बरफ र्‍हातो."

"मंग ह्ये आदी का नाय सांगितलं?"

"वर जायला घोड्यावं बसावं लागतंय."

"मंग?"

"मना भ्या वाटतंय."

"तुमी खाली गवतात बसा. मी जाऊन येतंय."