पडद्यामागचं मशीन

नाही हो वहिनी, हळू कशाला बोलायचं? सूनच आहे पडद्यामागे, तुमच्याच बाह्या शिवतेय — आणि मशीन चालू असलं की तिला काही ऐकूबिकू येत नाही. सरळ उभ्या राहा, टाचणी टोचेल. तर तुमच्या भाचीचं म्हणत होते — मुलगी मला पसंत आहे. हिची सोडचिठ्ठी झाली की लगेच उरकून टाकू. तीन वेळा दिवस गेले हो हिला, तिन्ही वेळा पडलं. पायमशीन बंद केलं, कात्री उचलू दिली नाही — उपयोग काय? शेवटी तोंडावर सांगितलं, बाई, तुझ्या अंगातच खोट आहे. रडली. आता परत बसवलीय मशीनवर. पोट रिकामं ते रिकामं, हात तरी कशाला रिकामे?

खोट हिचीच कशावरून म्हणता? अहो, तपासलंय सगळं. दोघांचं रक्त दिलं. निकाल ऐकायला मी आणि लेक गेलो, हिला म्हटलं, तू कामं संपव. डॉक्टरीणबाई गुणसूत्रं गुणसूत्रं करायला लागल्या — मी म्हटलं, मी शिंपीण, मला कापडाच्या भाषेत सांगा. तर म्हणाल्या, कापड सगळं आहे, चिंधीसुद्धा कमी नाही, फक्त बाहीचा तुकडा कॉलरला लागलाय नि कॉलरचा बाहीला. म्हणून माणूस धडधाकट दिसतो. पण बाळाला निम्मं कापड द्यायची वेळ आली, की एखादा तुकडा दोनदा जातो, एखादा जातच नाही — मग ते टिकत नाही. पायमशीनचा काही संबंध नाही म्हणाल्या. आता बघा, एवढा धिप्पाड माझा लेक, कधी साधी सर्दी नाही, आणि त्याच्या आत ही असली शिवण —

हलू नका. काय? लेकाच्या म्हटलं मी? बरं, म्हटलं. हिचं रक्त स्वच्छ निघालं, झालं समाधान? तो म्हणत होता, आई, तिला सांगून टाकू. मी म्हटलं, खबरदार. खोट आपली नाही हे बाईला एकदा कळलं, की ती डोक्यावर बसते. आणि डॉक्टरीणबाई मलाच म्हणतात, तुम्हीही रक्त द्या, हे आईबापाकडूनही येतं. माझं कशाला? ह्याच्या आधीची माझी दोन पोटातच गेली ती मी जिने चढले म्हणून — माझ्या सासूबाईंनीच सांगितलं होतं तसं.

तुमच्या भाचीचं काय बिघडतंय? दरवेळी पडतंच असं नाही, एखादं राहतंही. नाहीच राहिलं, तर तिचं पुढचं पुढे बघू — अहो, टाचण्या लावलेल्या असताना उतरता कुठे?

थांबा जरा.

मशीन कधीपासून बंद आहे?