पॉइंट ऑफ व्ह्यू आणि बुटका ओटा

मंडळी, ऐका! दुसऱ्याला जे दिसतं, ते आपल्याला कधी दिसतं? डोळे ताणून? चष्मा बदलून? निम्मे चष्मेवाले इथंच बसलेत – विचारा त्यांना!

इंग्रजीत याला शब्द आहे – पॉइंट ऑफ व्ह्यू. आपण दृष्टिकोन म्हणतो. शब्द चांगला, पण वापरतो कसा? कायम 'माझा' लावून! कुणी 'तुझा पॉइंट ऑफ व्ह्यू बरोबर आहे' म्हणालं, की समजावं – आता 'पण' येणार!

तर वाईच्या द्वारकाबाई करंबेळकर. बुटक्या, खणखणीत, इंग्रजीशी संबंध औषधाच्या बाटलीपुरता. सून केतकी – नवरा हृषीकेश, त्याच्यापेक्षाही बोटभर उंच. एका सकाळी स्वयंपाकघरात आवाज चढले.

"वर्षभर सांगतेय, पाठ मोडते माझी! एकदा तरी माझ्या पॉइंट ऑफ व्ह्यूनं बघ!"

"बघितलं. काही विशेष दिसत नाही," हृषीकेश म्हणाला – तेही पेपराआडून!

केतकीनं बॅग काढली. "सांगलीला चालले. परत यायचं की नाही, ते माहेरी ठरवीन."

द्वारकाबाई आतल्या खोलीतून ऐकत होत्या. महाबळेश्वरच्या पायथ्याशी जन्म गेलेला – त्यांना पॉइंट ठाऊक एकच: जीपनं जायचं, कठड्याशी उभं राहायचं, दरी बघायची! पोरगी वर्षभर एक पॉइंट मागतेय, आणि हा दगड नेत नाही? बाई स्वेटर घालूनच बाहेर आल्या.

"हृषा, गाडी काढ! केतकी, कुठला गं तुझा पॉइंट?"

केतकीला रडता रडता हसू फुटलं. "इथंच आहे, आई. ह्या ओट्यापाशी!"

"मग ह्याला उभा कर की तिथं! घरात लोळून पॉइंट दिसतो होय कुणाला?"

अहो, शब्द कळला नव्हता – आणि अर्थ बरोब्बर कळला!

हृषीकेश उभा राहिला. कणीक मळली, पोळ्या लाटल्या – आकार विचारू नका, देवाच्या दारात बसलोय! शेवटी दोन्ही हात कमरेवर, विठोबासारखे. फक्त विठोबा सरळ असतो, हा वाकडा!

"आई गं! हा ओटा इतका खाली बांधला कुणी?"

"तुझ्या बाबांनी," द्वारकाबाई म्हणाल्या – आणि थबकल्या. गवंडी म्हणत होता, नेहमीच्या मापानं बांधू. तर त्या अबोल माणसानं त्यांना भिंतीशी उभं केलं, कोपर दुमडायला लावलं आणि दोरीनं माप घेतलं. बाईंना रागच आला होता – गवंड्यासमोर ही काय चेष्टा! पुढे सगळा संसार झाला, पाठ कधी दुखली नाही. का दुखली नाही? हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं!

"हृषा, ओटा फोड," त्या म्हणाल्या. "हिच्या कोपराचं माप घे. तू घे, गवंड्यावर सोडू नकोस. मी पाटावर उभी राहीन."

"आणि पडलात म्हणजे?" केतकीनं बॅग खाली ठेवली.

"तू आहेस की एवढी उंच. धर!"

मग बाई नवऱ्याच्या फोटोपाशी गेल्या. हात जोडले. "अहो, पोहोचलं हो मला. उशिरा पोहोचलं."

मंडळी, तुमच्याही घरात कुणीतरी, न बोलता, तुमचं माप घेऊन ठेवलंय. तो माणूस समोर आहे, तोवर सांगून टाका. फोटोला ऐकू येतं की नाही, हे मलाही माहीत नाही! आता जोडा हात – देवाला नंतर, आधी शेजारच्याला. हो, हो, शेजारी नवरा बसला असला तरी!